हातभर आणि गाठीपुरतं

थोरलीच्या वरच्या दोन दातांमध्ये खाच होती. तंगूस तोडून तोडून पडलेली. लग्न होऊन आली तेव्हा दात सरळ होते. सासूने पहिल्याच आठवड्यात हातात गळ दिला आणि सांगितलं, "कात्री शोधत बसशील तर जन्म जाईल. दात कशाला दिलेत?" त्याला वीस वर्षं झाली. आता हसली की खाच दिसायची, म्हणून ती कमी हसायची. अर्थात तेवढंच कारण होतं असं नाही.

बाहेरच्या खोलीत, उंबऱ्याला लागून तिची जागा. चौकटीला एक खिळा, त्या खिळ्याला पितळेची फिरकी, दोरीला पीळ बसू न देणारी कडी, अडकवायची आणि बांधायला बसायचं. बाजूला जुन्या चपलेचा तळ, त्यात गळ टोचून ओळीने उभे. काम असं होतं : नावेवर जाणारी मूळ दोरी जाड, ती कितीही खोल सोडली तरी तुटता कामा नये. तिच्या टोकाला मुठीएवढं शिसं, शिशाखाली फिरकी, आणि फिरकीखाली हातभर बारीक तंगूस, म्हणजे ती काचेसारखी नायलॉनची दोरी. तंगुसाच्या टोकाला गळ. हा खालचा हातभर तुकडा मुद्दाम कमजोर ठेवायचा. गळ खडकात अडकला तर तेवढाच तुटावा, वरची दोरी आणि शिसं वाचावं. पण कमजोर म्हणजे किती, इथेच सगळी अक्कल होती. जाड घेतला तर दोरीसकट सगळं खडकाच्या पोटात. बारीक घेतला तर मासा पाठ दाखवून निघून जातो.

सासू म्हणायची, "दोरी कधीतरी तुटणारच. कुठे तुटावी ते आपण ठरवायचं. म्हणून तर लोक आपल्या दारात येतात."

आता सासूच्या डोळ्यांत फुलं पडली होती, बोटं वाकली होती. ती कोपऱ्यात बसून गंजलेले गळ निवडायची, नुसत्या स्पर्शाने. धाकटी जाऊ दोन वर्षांपूर्वी आली होती. तिच्याकडे मापायचं काम. कोपर ते मधल्या बोटाचं टोक, वर चार बोटं गाठीसाठी. हातभर आणि गाठीपुरतं. दिवसभर ती हात लांब करून बसायची, म्हणून तिचा नवरा तिला 'गज' म्हणायचा. "गज, जेवायला वाढ." ती म्हणायची, "मापून वाढू का?" त्या घरात हसण्यासारखं जे काही होतं ते एवढंच, आणि ते धाकट्याचं होतं. तो नावेवर जायचा. थोरल्याची पाठ गेली होती, तो बर्फाच्या शेडमध्ये लाद्या फोडायचा.

त्या हंगामात मासा किनारा सोडून गेला. नावा लांब जायला लागल्या, दोऱ्या खोल सोडायला लागल्या, तरी गळ कोरेच वर यायचे. एका सकाळी नावेचा मालक स्वतः दारात आला. त्याचं बोलणं इतकं मऊ, की गाव त्याला मागून 'लोणी' म्हणायचं. खांद्यावर गोणी, गोणीत चार रिळं, ताटलीएवढी.

"वहिनी, पाणी यंदा आरशासारखं झालंय. माशाला दोरी दिसते. बारीक घ्यायची."

"बारीक घेऊ," थोरली म्हणाली. "पण मासा खोलात गेलाय. खोलातला मासा अंगाने मोठा. बारकी धरेल का त्याला?"

"ही नव्यातली आहे. अंगाने बारीक, ताकदीला जाड. सुनेसारखी." तो स्वतःच हसला. "कागद बघा की वरचा."

कागद नवा होता. थोरलीने अंगठा फिरवला. कागदाच्या कडेखाली दुसऱ्या, जुन्या कागदाचा फाटका कोपरा होता, पिवळ्या गोंदाने चिकटलेला. मालक पाणी पिऊन गेला.

तो गेल्यावर तिने रिळाचं टोक काढलं, दोन्ही हातांना तीन-तीन वेढे घेतले आणि झटका दिला. नव्या रिळाला हे ती नेहमी करायची. चांगला तंगूस हातात रुततो, बोटं निळी करतो, तुटत नाही. हा तुटला. आवाजसुद्धा न करता, वाळक्या काडीसारखा. तिने दुसऱ्या रिळाचा घेतला. तोही तुटला. बोटांना पांढरं लागलं, पिठासारखं.

तिला कळलं. मालकाच्या गोदामात खिडकीपाशी दोन उन्हाळे ही रिळं पडून होती. गळ आणायला गेलेली असताना तिनेच पाहिली होती. ऊन तंगुसाला आतून खातं. वरून तो तसाच दिसतो.

दुपारी थोरला जेवायला आला तेव्हा तिने ताट पुढे करताना सांगितलं, "अहो, रिळं मेलेली आहेत. उन्हाची."

"सगळी?"

"दोन बघितली. बाकीची काय वेगळी असणार?"

"मग सांग जाऊन."

"सांगते."

तो थोडा वेळ खाली बघून जेवला. मग म्हणाला, "सांगशील आणि काम जाईल पलीकडच्या गल्लीत. तिकडे चौघीजणी खिळे ठोकूनच बसल्यात."

"भाऊजी जातात त्या नावेवर."

"मला माहीत नाही का? माझा भाऊ आहे." त्याने पाण्याचा घोट घेतला. "तुझा हात आहे ना. सात वेढे घालतेस, दोन जास्त घाल."

वेढे वाढवून मेलेली दोरी जिवंत होत नाही, हे बर्फ फोडणाऱ्याला कळत नसेल, पण तिला कळत होतं. तरी ती उठली, पदर खोचला आणि गोदामात गेली. मालक तराजूपाशी उभा होता. तिने त्याच्यासमोर झटका देऊन दाखवला. तंगूस तुटला. मालकाने दोन्ही तुकड्यांकडे बघितलं, जसं कुणी दुसऱ्याच्या मुलाकडे बघावं.

"वहिनी, असा झटका मासा देत नाही. मासा ओढतो. झटका आणि ओढ यांत फरक असतो." मग आणखी मऊ होऊन, "मन होत नसेल तर राहू द्या. बळजबरी कशाला? मी दुसरीकडे देतो. तुम्हीही दमलात इतकी वर्षं."

तिथे लाद्या उचलणारे दोघं-तिघं उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "वहिनींना आता तोरणं बांधायला द्या, मालक." सगळे हसले. थोरली म्हणाली, "बांधते. मी नाही म्हटलंय का?" आणि परत आली. येताना वाटेत तिने दोन्ही तुकडे गटारात टाकले.

चार दिवस तिने तेच तंगूस बांधले. टोक फिरकीतून काढायचं, दोरीभोवती वेढे घालायचे, टोक मागच्या फासातून परत काढायचं, थुंकीने ओलं करायचं, हळूहळू ओढायचं. ओलं केलं नाही तर ओढताना तंगूस तापतो आणि गाठीतच भाजतो. सगळं कसं बिनचूक करायचं ते तिला येत होतं. फक्त सातऐवजी नऊ वेढे घालत होती. धाकटी शेजारी बसून हात लांब करून मापत होती. तिने रीळ एकदाही ओढून बघितलं नाही. तिला कुणी तसं शिकवलंच नव्हतं. मापणाऱ्याने ओढायचं नसतं.

पाचव्या दिवशी भर दुपारी धाकट्याला चौघांनी उचलून आणलं.

मासा वर आला होता. धाकटा नंतर दवाखान्यात उताणा पडून सांगत होता, अर्ध्या तोंडावर पट्टी. मासा पाण्याच्या खाली हातभर दिसत होता, केवढा तरी. दोरी ताणलेली. तो कठड्यावर वाकला. खालचा तंगूस तुटला आणि ताणलेली दोरी शिशासकट उलटी आली, थेट त्याच्या डाव्या डोळ्यात.

"शिसं वर येताना दिसलं, वहिनी," तो म्हणाला. "म्हणजे त्या डोळ्याने शेवटचं तेच बघितलं."

थोरली त्याच्या पायांशी उभी होती. तिने चादर सारखी केली. चादर सारखीच होती.

"गज कुठाय?" त्याने विचारलं.

"इथंच आहे मी," धाकटी म्हणाली. ती पट्टीच्या बाजूला बसली होती, त्याला दिसत नव्हती.

त्याचे कपडे नावेवरच्या माणसांनी पिशवीत घालून दिले होते. घरी येऊन थोरलीने ते भिजवायला काढले तेव्हा सदऱ्यात गुंडाळी सापडली : कापलेली दोरी, शिसं, फिरकी, आणि फिरकीला तिची गाठ. गाठीखाली बोटभर तंगूस शिल्लक. तिने तो उजेडात धरला. गाठ सुटली असती तर फिरकीची कडी रिकामी असती, आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं पिळलेलं असतं. हे टोक सरळ होतं. गाठ जागच्या जागी, घट्ट, नखसुद्धा शिरणार नाही अशी. तुटली होती ती दोरी. तिने गुंडाळी सोडवली, फिरकी आणि तो तुकडा तेवढा बाजूला काढला आणि गळांच्या डब्यात ठेवला. मग रक्ताचे कपडे थंड पाण्यात घातले. रक्ताला गरम पाणी चालत नाही.

आठ दिवसांनी मालक आला. सासूच्या पाया पडला. धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून बसला.

"गाठ सुटली," तो म्हणाला. "माणसाच्या हातून होतं. वीस वर्षांत एकदा. मी तोंडातून शब्द काढणार नाही, घरचीच गाठ, घरचाच डोळा. पण बाकीचे खलाशी नावेवर चढत नाहीत. विचारतात, मालकाने कसली दोरी दिली? आता मी कुणाकुणाची तोंडं धरू?"

"उद्या लिलावाच्या शेडमध्ये सगळे असतील. वहिनींनी एवढंच सांगायचं, गाठ माझी होती. बस. धाकट्याला मी वजनकाट्यावर बसवतो, कायमचा. काट्याला एक डोळा पुरतो. आणि नावेवरची त्याची जागा तुमच्याच घरात राहील. थोरल्याला घेतो." तो उठला. "नाही सांगितलं तरी माझा राग नाही. पण मग माझ्या हातात काय राहतं, तुम्हीच बघा."

तो गेल्यावर थोरलीने डबा आणला आणि फिरकी सासूच्या हातात दिली. म्हातारीने वाकड्या बोटांनी गाठ चाचपली, मग खालचं टोक ओठांवरून फिरवलं.

"गाठ धरून आहे," म्हातारी म्हणाली. "दोरी मेलीय. पिठूळ लागतेय."

"बघा," थोरली म्हणाली. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोठा झाला होता. "बघा भाऊजी. माझी गाठ नाही सुटली. त्याने कुजकी रिळं दिली, वर नवा कागद चिकटवून. ही गाठ मी शेडमध्ये नेते आणि सगळ्यांच्या हातात देते. ज्याला गाठीतलं कळतं तो बघेल."

धाकट्याने मान वळवून एका डोळ्याने बघितलं. "मग त्याने काट्यावर बसवलं नाही तर?"

"बसवेल. बसवावं लागेल."

"वहिनी, त्याला काय काय करावं लागलंय आजवर, सांगा बरं एक."

धाकटीने सासूच्या हातातून फिरकी घेतली आणि दारात उजेडाला गेली. ती बराच वेळ पाठमोरी उभी होती. नखाने वेढे मोजत होती. मग परत मोजले.

"नऊ आहेत," ती म्हणाली.

"काय?" थोरल्याने विचारलं.

"वेढे. नऊ." ती वळली. "जाऊबाई, तुम्ही सात घालता. मला सातच शिकवलेत. आठवा घातला तेव्हा माझ्या हातावर मारलं होतंत, फुकटचा तंगूस जातो म्हणून."

थोरलीचं तोंड उघडं राहिलं. दातांतली खाच दिसली.

"तुम्हाला ठाऊक होतं," धाकटी म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दोरी मेलेली आहे हे तुम्हाला बांधतानाच ठाऊक होतं. मी शेजारी बसून मापत होते. मला नाही सांगितलंत."

"मी मालकाला सांगितलं. गोदामात जाऊन, त्याच्यासमोर तोडून दाखवलं."

"ह्यांना सांगितलंत?" तिने नवऱ्याकडे बोट केलं. "ज्यांच्या हातात जाणार होती त्यांना?"

थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. दोन जास्त घाल, असं म्हणणारं तोंड त्याच खोलीत होतं, तिच्यापासून दोन हातांवर. ती थांबली. एवढं एक वाक्य तो बोलेल म्हणून ती थांबली. थोरल्याने पाठ भिंतीला टेकवली, कण्हला आणि म्हणाला, "कळ येतेय. जरा शेकायला टाक."

माणसं दोन प्रकारची असतात असं म्हणतात. त्या खोलीत एकाच प्रकारची होती.

"कुठे तुटावी ते ठरवायचं असतं," म्हातारी कोपऱ्यातून पुटपुटली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही. तिला दिसत नव्हतं, त्यामुळे ती कुणाकडेच बघत नव्हती.

धाकटी चुलीपाशी गेली. फिरकी चिमट्यात धरून तिने तंगूस जाळावर धरला. गाठ आक्रसली, काळी झाली, तिचा मणी झाला आणि मणी टपकन राखेत पडला. नऊ वेढे, बोटभर दोरी, काही उरलं नाही. तिने फिरकी पाण्यात बुडवून गार केली, पदराला पुसली आणि डब्यात टाकली.

"फिरकी चांगली आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लिलाव उरकल्यावर शेडमधली ओली फरशी अजून धुतली नव्हती. थोरली खवल्यांत उभी राहिली. पायाला गार लागत होतं. खलाशी, टोपल्यावाल्या, बर्फवाले, सगळे होते. पलीकडच्या गल्लीतल्या चौघीही आल्या होत्या, पुढे. मालक म्हणाला, "वहिनींना काहीतरी सांगायचंय. कुणी मध्ये बोलू नका, बाईमाणूस आहे."

"गाठ माझी होती," थोरली म्हणाली.

"मोठ्याने, वहिनी. मागे ऐकू जात नाही."

"गाठ माझी होती. सुटली."

एक म्हातारा खलाशी, ज्याने तिच्या हातच्या दोऱ्या वीस वर्षं पाण्यात सोडल्या होत्या, तो तिच्याकडे बघत राहिला. त्याला गाठीतलं कळत होतं. त्याने विचारलं, "टोक कुठाय? टोक बघितलं कुणी?"

"हरवलं," थोरली म्हणाली.

त्याने टोपी घातली आणि निघून गेला. बाकीच्यांना पुरेसं झालं. बाहेर पडताना एकाने पाय पुढे केला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या चपलेचा अंगठा तेवढा बांधू नका, घरी पोचायचंय." टोपल्यावाल्या हसल्या. त्यांतल्या दोघींना तिने स्वतः गाठ शिकवली होती.

मालकाने शब्द पाळला. अशी माणसं शब्द पाळतात, म्हणूनच त्यांचं चालतं. धाकटा काट्यावर बसला. लोक त्याच्या बंद डोळ्याच्या बाजूने टोपल्या ठेवायचे. थोरल्याला नावेवर जागा मिळाली, सोमवारपासून. आणि दोऱ्यांचं काम धाकटीला दिलं. "हात नवा आहे, पण डाग नाही," असं मालक म्हणाला. उंबऱ्याजवळची जागा, खिळा, चपलेचा तळ, सगळं तिच्याकडे गेलं. थोरली आत चुलीपाशी गेली. कुणी जा म्हटलं नाही. तिचं तीच गेली.

शनिवारी सकाळी मालकाचा माणूस गोणी टाकून गेला. थोरलीने आतून बघितलं. दोन रिळं, ताटलीएवढी. नवा कागद. गोदामात गेल्या वेळची उरलेलीच.

ती बाहेर आली. रीळ उचललं, हाताला वेढे घेतले, झटका दिला. तंगूस तुटला. बोटं पांढरी झाली. धाकटी खिळ्याला फिरकी अडकवून बसली होती. तिने बघितलं.

"तीच आहेत," थोरली म्हणाली.

"दिसतंय."

"सोमवारी हे जाणार त्या नावेवर. त्यांची पाठ अशी. ते नीट वाकूसुद्धा शकत नाहीत, बाजूला कसे होतील?"

"मला काय सांगताय? मालकाला सांगा. तोडून दाखवा त्याच्यासमोर."

थोरली आत गेली आणि सुरी घेऊन आली. रीळ उभं धरलं, पायाखाली दाबलं आणि एका जागी सुरी लावून वरून खाली ओढली. एकेक वेढा चटचट तुटत गेला, थर सुटत गेले, पार गाभ्याच्या लाकडापर्यंत. दुसरंही तसंच. वीस वर्षांत तिने इतका तंगूस एकदम कधी कापला नव्हता. तिचा श्वास वर आला होता, हाताला घाम होता. जमिनीवर दोन्ही रिळांचा चकचकीत ढीग पडला, गवत कापून टाकावं तसा.

"घे," ती म्हणाली. "आता बांध काय बांधायचं ते."

धाकटी ढिगाकडे बघत बसली. आतून म्हातारीने विचारलं, "काय सांडलं गं?"

मग धाकटीने वाकून एक तुकडा उचलला. कोपराला टोक लावलं, हात लांब केला, तुकडा मधल्या बोटापर्यंत ओढला. बोटापुढे चार बोटं उरला. तिने दुसरा उचलला. तोही तेवढाच. ताटलीएवढ्या रिळाचा एक वेढा, हातभर आणि गाठीपुरतं. तिसरा तिने मापला नाही.

"माझ्या नवऱ्याला चालली ही दोरी," ती म्हणाली. "तुमच्या नवऱ्याला का चालू नये?"

थोरलीच्या हातात सुरी तशीच होती.

धाकटीने ढीग दोन्ही हातांनी सारखा केला, टोकं एका बाजूला आणली, मांडीशी ओढला. एक तुकडा फिरकीतून काढला आणि वेढे घालायला लागली. तोंडाने मोजत होती. सातावर थांबली. थुंकी लावली, हळूहळू ओढलं, गाठ बसली, चांगली बसली. उरलेलं शेपूट तिने दातांत धरून तोडलं.

"बरं झालं, जाऊबाई," ती पुढचा तुकडा घेत म्हणाली. "मापायचं काम वाचलं."